तुस्कानो आणि धाकटं पेटंट

रेमंड तुस्कानो कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचायचे. ऑफिसचा असो, घरभाड्याचा असो, मुलीच्या शाळेतून आलेला असो, आधी शेवट. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात मी रुजू झाले त्या सकाळी त्यांनी माझं ऑफर लेटर मागितलं, उलटं धरल्यासारखं वाचलं आणि परत देताना म्हणाले, "नोटीस पीरियड वाचलास का, बाय? तो आधी वाचायचा असतो." पुण्याहून नुकतीच आलेली मी. नवऱ्याने नवीन चपला घेऊन दिल्या होत्या, पर्समध्ये देवाचा अंगारा होता, आणि हा उंच, वाळका, गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस मला नोकरी संपण्याबद्दल सांगत होता. मला ते अशुभ वाटलं.

पुढे कळलं की ते सगळ्यांशीच असे वागतात. सुपरमार्केटमध्ये दह्याचा डबा उचलला की आधी तळ बघणार, तारीख जवळ आलेली असली तर शेजारच्या अनोळखी बाईलाही दाखवणार. कुणाचा वाढदिवस असला तर केक खाऊन झाल्यावर "चला, आणखी एक वर्ष मिळालं" म्हणणार. पेटंटची मुदत मोजून झाली की ती तारीख मोठ्याने उच्चारायची आणि पुढे "खलास" म्हणायचं, ही त्यांची जुनी सवय. त्यावरून ऑफिसातल्या पोरांनी त्यांचं नाव खलास सर पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

ते वसईचे. वडिलांची केळीची वाडी होती, ती चुलत्यांच्या वाटणीत गेली. इंजिनियर होऊन मुंबईत पेटंटच्या कामात शिरले आणि तिथून दुबईला आले. बायको हिल्डा आणि बारावीतली मुलगी जेनिस यांच्याबरोबर इंटरनॅशनल सिटीत राहायचे. मीही तिथेच, दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत आमचं कार-पूल असायचं. सुरुवातीचा काही वेळ ते मनात प्रार्थना म्हणायचे, फक्त ओठ हलायचे. तोवर मी बोलायचं नाही. प्रार्थना संपली की ते काच किंचित खाली करायचे. ती बोलायला परवानगी.

आमचं काम असं. इथल्या कारखान्यांना, दुकानदारांना अमेरिकेत पेटंट हवं असायचं. अर्ज, उत्तरं, युक्तिवाद आम्ही तयार करायचो आणि अमेरिकेतली एक वकीलबाई ते तपासून, सही करून तिथे दाखल करायची. तिकडचा एक्झामिनर अर्ज वाचून बहुतेक वेळा नकारच पाठवतो. मग त्या नकाराला उत्तर द्यायचं. माझ्या हातात पहिल्यांदा डबल पेटंटिंगचा नकार आला तेव्हा मी गांगरले. तुस्कानो सर मला खाली तळ्याकाठी घेऊन गेले, कठड्याला टेकून उभे राहिले आणि समजावू लागले.

एका शोधावर साधारण वीस वर्षांचा हक्क मिळतो. मग काही लोक तोच शोध थोडा इकडेतिकडे करून दुसरा अर्ज टाकतात, म्हणजे आणखी थोडी वर्षं पदरात पडावीत. एक्झामिनर म्हणतो, हे तर तुझंच आधीचं आहे, एका गोष्टीवर दोन पेटंटं मिळणार नाहीत. तिथून दोन वाटा निघतात. एक तर भांडायचं, की हा शोध खरोखर वेगळा आहे, हे बघा पुरावे. नाहीतर टर्मिनल डिस्क्लेमर लिहून द्यायचा.

"त्यात काय असतं?" मी विचारलं.

"दोन वचनं," ते म्हणाले. "पहिलं, थोरलं पेटंट ज्या दिवशी संपेल त्याच दिवशी धाकटंही संपेल. दुसरं, दोघं कायम एकाच मालकाच्या घरी राहतील. एकाला विकलं, दान दिलं, वाटणीत दुसऱ्याकडे गेलं, की धाकट्याचा जीव गेला. कागदावर नाव राहतं. पण कुणी चोरी केली तर कोर्टात उभं राहता येत नाही."

"आणि नंतर मागे घेता येतं?"

"पेटंट मिळाल्यावर नाही." मग म्हणाले, "लोकांना वाटतं फॉर्म आहे. भरायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो, म्हणून."

ऑफिसात तो खरंच एक फॉर्मच होता. आमचा मॅनेजर नबील, हसरा, सुगंधी, सगळ्यांना हबीबी म्हणणारा, तो तर डिस्क्लेमरला औषध म्हणायचा. नकार आला, डिस्क्लेमर दे, क्लायंट खूश. तुस्कानो सर मात्र प्रत्येक क्लायंटला समोर बसवून तो कागद वाचून दाखवत. हिंदीत, इंग्रजीत, मोडक्या अरबीत. लोक घड्याळं बघायचे. अत्तराच्या बाटलीचं झाकण बनवणारा एक व्यापारी होता, त्याने तर हसून हात जोडले, म्हणाला सरजी, इन्शाल्ला सब खैर, हम दो भाई हैं, अलग थोडेही होंगे. काही वर्षांनी ते दोघे भाऊ वेगळे झाले. झाकणाची दोन पेटंटं दोघांनी एकेक वाटून घेतली. धाकटं याच्याकडे आलं होतं. तो माणूस एका दुपारी आमच्या रिसेप्शनला येऊन नुसताच बसला. कुणाला भेटायचंय तेही सांगेना. तुस्कानो सरांनी दोन सुलेमानी चहा मागवले आणि त्याच्याशेजारी बसून राहिले. मी तुला सांगितलं होतं, हे त्यांनी एकदाही म्हटलं नाही. तो उठून गेला तेव्हा लिफ्टपर्यंत सोडायला गेले.

दळवी साहेब आमच्याकडे आले ते एका उन्हाळ्याच्या शेवटी. अरविंद दळवी. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचा गॅसच्या फिटिंगचा कारखाना. ठाण्याचे. गणपतीत सढळ हाताने देणारे, बायकांना वहिनी म्हणणारे, आले की ऑफिसभर मिठाई वाटणारे. त्यांचं एक पेटंट आधीच झालेलं होतं: स्वयंपाकघरात आगीची धग लागली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह. दुसऱ्या अर्जाचं काम आता आमच्याकडे आलं होतं, त्याच व्हॉल्व्हची सुधारलेली आवृत्ती. त्यावर एक्झामिनरने डबल पेटंटिंगचा नकार पाठवला होता.

दोन्ही व्हॉल्व्ह शोधणारा माणूस एकच, भास्कर नेरुरकर. कुडाळकडचा. दळवींकडे तरुणपणी फिटर म्हणून लागला आणि आता त्यांच्या वर्कशॉपचा प्रमुख होता. रिटायर व्हायला आला होता. तुस्कानो सर त्याला भेटायला शारजाला गेले तेव्हा मीही बरोबर होते. नेरुरकरने आम्हाला आधी जुना व्हॉल्व्ह दाखवला, मग नवा. बाहेरून दोन्ही सारखेच. मग त्याने दोन्ही एका तापवलेल्या पेटीत ठेवले. ही पेटी म्हणजे इथला उन्हाळा, म्हणाला. जुना व्हॉल्व्ह नवा असताना झकास चालतो, सगळ्या चाचण्या पास होतो. पण गच्चीवरच्या, बाहेरच्या भिंतीवरच्या पाइपात महिनोन्महिने तापला की आतली चकती फुगून बसते. मग आग लागली तरी तो मिटत नाही. नव्यात त्याने दोन धातूंची चकती घातली होती. ती तापली की उलटी वाकते आणि अडकत नाही.

त्याने बर्नरची ज्योत लावली. नवा व्हॉल्व्ह टक्कन मिटला. जुना तसाच उघडा राहिला, त्यातून हवा फुसफुसत होती. 

निघताना तुस्कानो सरांनी त्याला विचारलं की हे डोक्यात कसं आलं. तेव्हा त्याने सांगितलं की सुरुवातीच्या दिवसांत तो आठ-दहा जणांबरोबर एका खोलीत राहायचा. सामायिक स्वयंपाकघराला आग लागली, आणि त्याचा वेंगुर्ल्याचा एक सोबती आत राहिला. एवढं सांगून तो आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला आणि सरांच्या गाडीचं दार सैल झालंय म्हणून पाना आणून ते आवळून दिलं.

तुस्कानो सर त्या दिवसांत खुशीत होते. डिस्क्लेमरची गरजच नाही, म्हणाले. जुना अडकतो, नवा अडकत नाही, यापेक्षा वेगळेपण ते काय असणार. चाचण्यांचे आकडे जोडून त्यांनी जे उत्तर लिहिलं तसं मी तोवर वाचलं नव्हतं. कोरडा कागद, पण वाचताना धग लागायची.

मग दळवी साहेब आमच्याकडे बैठकीला आले. काचेच्या खोलीत ते, नबील, तुस्कानो सर आणि लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात मी. दळवींनी सांगितलं की जुनं पेटंट ते मुलाच्या अमेरिकेतल्या नव्या कंपनीच्या नावावर करणार आहेत. आणि नवं भास्करला देणार. त्याने आयुष्य दिलंय, सगळ्या कारखान्यासमोर शब्द दिलाय, रिटायर होताना त्याच्या हातात काहीतरी असायला हवं. अमेरिकेतली एक कंपनी ते घ्यायलाही तयार आहे. नबीलने वा म्हटलं. मलाही भरून आलं. मग दळवी म्हणाले की उत्तरबित्तर लिहीत बसू नका, वेळ जातो, सरळ डिस्क्लेमर टाका.

तुस्कानो सरांना वाटलं, यांना माहीत नाही. त्यांनी शांतपणे समजावलं. डिस्क्लेमर टाकला तर दोन्ही पेटंटं एकाच मालकाकडे राहायला हवीत. थोरलं मुलाकडे आणि धाकटं नेरुरकरकडे गेलं की धाकटं निरुपयोगी. नेरुरकरला द्यायचं असेल तर डिस्क्लेमर टाकू नका, आपण भांडू, आपली बाजू भक्कम आहे.

दळवी ऐकत होते. त्यांनी मिठाईचा बॉक्स सरांकडे सरकवला आणि म्हणाले, "मला माहीत आहे."

तुस्कानो सरांनी बॉक्स परत टेबलाच्या मधोमध सरकवला.

"क्लायंट मी आहे," दळवी तितक्याच गोड आवाजात म्हणाले. "भास्करला यातलं काही कळत नाही. त्याला ताप नको."

नबीलने माझ्याकडे बघून लॅपटॉप मिटायची खूण केली.

त्या संध्याकाळी परतताना सर नेहमीपेक्षा हळू गाडी चालवत होते. मी विचारलं, दळवींना असं करून काय मिळणार. त्यांनी सांगितलं. मुलाची सगळी कंपनी जुन्या व्हॉल्व्हवर उभी आहे. गोदामं भरलीत. नवा व्हॉल्व्ह नेरुरकरच्या हातात जिवंत राहिला तर जुना कोण घेईल? आणि शब्द तर सगळ्यांसमोर दिलाय. म्हणजे द्यायचं, पण मेलेलं द्यायचं.

"मग आपण नेरुरकरांना सांगायचं का?"

"तू काही सांगायचं नाहीस. तुझं नाव यात कुठे येता कामा नये." मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "क्लायंटच्या पोटातलं मलाही सांगता येणार नाही. कागदावरचं वाचता येतं."

मी घरी गेले तर माझी सात वर्षांची मुलगी विचारत होती, मम्मा, व्हाय आर यू सो क्वाएट.  नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुम्ही लोक नोकरी करता की देवाची कचेरी चालवता.

सह्यांचा दिवस ठरला. दळवी नेरुरकरला घेऊन आले. डिस्क्लेमर तयार होता, नबीलने स्वतः केला होता. दुसरा कागद नेरुरकरने सही करायचा, की पेटंट मिळालं की ते त्याच्या नावावर होईल आणि त्याबद्दल कंपनीशी त्याचा काही वाद राहणार नाही. नेरुरकरने इस्त्रीचा शर्ट घातला होता, कपाळाला गंध. काजूकतलीचा बॉक्स टेबलावर. फोटो काढायला दळवींचा ड्रायव्हर फोन घेऊन उभा होता.

तुस्कानो सरांनी दोन्ही कागद आपल्यापुढे ओढले आणि म्हणाले, सही करण्याआधी मी वाचून दाखवतो, ही माझी पद्धत आहे. नबील म्हणाला, हबीबी, गरज नाही. सर वाचू लागले. मराठीत. ओळीमागून ओळ, एक शब्द पदरचा न घालता. हे पेटंट त्या पेटंटच्या मुदतीबरोबर संपेल. हे पेटंट तोवरच बजावता येईल जोवर हे आणि ते एकाच मालकाच्या नावावर असतील. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. नबीलला मराठी कळत नव्हती. दळवींना कळत होती. ते हलले नाहीत, फक्त त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, विसरल्यासारखं.

नेरुरकर म्हणाला, "म्हणजे जुनं दुसऱ्याकडे गेलं, तर माझं हे..."

"कागदात तसं लिहिलंय," सर म्हणाले.

नेरुरकरने दळवींकडे पाहिलं. दळवी म्हणाले, "भास्कर, माझ्यावर विश्वास नाही का तुझा? आणि तुझा संदीप कसा आहे? आपल्याकडचं काम आवडतंय ना त्याला?"

नेरुरकरने मनगटावरचं घड्याळ सारखं केलं. पेन घेतलं. सही केली. ड्रायव्हरने फोटो काढला. मग सगळ्यांना काजूकतली दिली गेली. तुस्कानो सरांनी ती हातात घेतली आणि तशीच रुमालात ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात सरांची जागा बदलली. खिडकीजवळून उठवून प्रिंटरच्या शेजारी. कामं काढून घेतली. आता त्यांच्याकडे फक्त फी भरायच्या तारखा बघायचं काम. नबील त्यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्त प्रेमाने बोलायचा आणि त्याचीच मला भीती वाटायची. जानेवारीत कॉन्ट्रॅक्ट संपतंय, ते पुढे चालू होणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. दळवींच्या वकिलाचाही फोन आला. क्लायंटची गुप्त माहिती बाहेर फोडल्याची तक्रार करायची की नाही याचा विचार चालू आहे, एवढंच तो म्हणाला. करणार, असं म्हणाला नाही. करणार नाही, असंही नाही.

ते 'विचार चालू आहे' सरांच्या घरात येऊन बसलं. इथे केस झाली तर देश सोडता येत नाही आणि नोकरीही मिळत नाही. दोन्हीकडून दार बंद. गाडीत प्रार्थना संपली की ते आता काच खाली करायच्या आधी फोन हातात घ्यायचे, पोलिसांच्या अ‍ॅपवर स्वतःचं नाव घालून केस झालीय का बघायचे. काही नाही. उद्या पुन्हा. अनोळखी लँडलाइनवरून फोन आला की हिल्डाताईंच्या हातातला चमचा थांबायचा. एकदा तो फोन जेनिसच्या ऊद मेथा भागातल्या शाळेतून होता, तिच्या बोर्डाच्या हॉल तिकिटाबद्दल. हिल्डाताई मग बराच वेळ बाथरूममधून बाहेर आल्या नाहीत. जेनिस तेवढी निबर. ती म्हणायची, डॅडी, यू ओन्ली रेड व्हॉट वॉज रिटन.

मी एकदा विचारलं, सर, तुम्ही गप्प बसला असतात तर? ते म्हणाले, उद्या तो कागद अमेरिकेच्या फाइलमध्ये कुणालाही दिसणार आहे, मी फक्त थोडं आधी वाचला. 

जानेवारीत ते ऑफिसातून गेले. निरोप समारंभ झाला नाही. नोकरी गेल्यावर राहायला जी मुदत मिळते तीत जेनिसची परीक्षा बसत होती. तेवढंच एक नशिबाने नीट जुळलं. त्याच महिन्यात नेरुरकरचं पेटंट मंजूर झालं. दळवींनी कारखान्यात मोठा कार्यक्रम केला, शाल दिली, हार घातला, पेटंटची फ्रेम करून हातात ठेवली. त्याआधीच जुनं पेटंट मुलाच्या कंपनीच्या नावावर गेलं होतं. अमेरिकेतल्या कंपनीने फाइल बघितली आणि सभ्य भाषेत कळवलं की त्यांना आता रस नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका शुक्रवारी दुपारी मी डबा घेऊन सरांकडे गेले होते तेव्हा नेरुरकर आला. शर्ट तोच, इस्त्री नव्हती. सर त्याला काही बोलू देईनात, आधी बसवलं. तो म्हणाला, यावर काही करता येईल का? नवा अर्ज टाकता येईल का, स्वतःच्या नावाने? सरांनी त्याला खरं ते सांगितलं. याच व्हॉल्व्हसाठी पुन्हा अर्ज केला तर तुझंच जुनं काम तुझ्या आड उभं राहील. एक्झामिनर पुन्हा तोच नकार देईल, आणि या वेळी डिस्क्लेमर द्यायचीही सोय नाही, कारण आता मालक दोन आहेत. त्या वाटेवर आता काही नाही.

नेरुरकरने मान हलवली. त्याला हे बहुधा ठाऊकच असावं.

सर म्हणाले, "मी नीट वाचलं नाही का त्या दिवशी? तुला कळलं नाही?"

"कळला होता माका," तो म्हणाला. "सही करतानाच कळला. माझो झील साहेबांकडेच कामाक आसा, त्याचो व्हिसा त्येंच्याच हातात. त्याचाच नाव घेतल्यानी ना त्या टायमाक." मग तो म्हणाला, "तुम्ही वाचलास तां बरा केलास. कोण मारता तां दिसला माका."

तुस्कानो सरांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले.

हिल्डाताई आत परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या जेनिसला काहीतरी देत होत्या, म्हणून नेरुरकर स्वतःच पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले तर तो शेगडीमागच्या गॅसच्या पाइपाकडे वाकून बघत होता. पितळेचा नवा कोरा व्हॉल्व्ह.

"हा कधी बसवला?"

हिल्डाताई म्हणाल्या, थंडीत मेन्टेनन्सवाले आले होते, सगळ्या बिल्डिंगला बसवून गेले. सेफ्टीसाठी.

तो जुना होता. दळवींचा. नेरुरकरने त्यावर बोट फिरवलं, खालची खूण दाखवली. आत्ता चालेल, म्हणाला. उन्हाळा खाल्ला की नाही चालणार. पाइप बाहेरच्या भिंतीवरून येतो, दिवसभर ऊन.

दुसऱ्याच दिवशी तुस्कानो सर मेन्टेनन्सच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने फाइल काढून प्रमाणपत्र दाखवलं. प्रमाणपत्र खरं होतं, चाचणीही खरी होती, नवा असताना तो व्हॉल्व्ह पासच होतो. सरांनी चाचण्यांचे आकडे द्यायचं म्हटलं तर ते आकडे दळवींच्या कंपनीच्या मालकीचे. ते बाहेर काढले तर ज्या तक्रारीचा विचार चालू होता ती नक्की झाली असती. नेरुरकरचा मुलगाही नोकरीतून गेला असता. नेरुरकरने हात जोडून नको म्हटलं. सर परत आले.

मार्चच्या शेवटी जेनिसचा शेवटचा पेपर झाला. दोन दिवसांनी त्यांचं विमान होतं. तक्रार तोवर आली नव्हती, पण विमानतळावर पासपोर्ट सरकवेपर्यंत काही सांगता येत नाही, असं सर म्हणायचे. माझ्याकडे ठेवायच्या होत्या त्यांच्या दोन बॅगा आणि जेनिसची पुस्तकं, म्हणून मी आणि माझा नवरा गाडी घेऊन गेलो. दुपारची वेळ. त्या वर्षी ऊन लवकर चढलं होतं. बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. घर रिकामं झालं होतं. हिल्डाताई जमिनीवर बसून बॅगेची चेन ओढत होत्या. मी विचारलं, सर कुठेयत? त्यांनी बोटाने वर दाखवलं. सकाळपासून हेच चालू आहे, म्हणाल्या.

मी जिन्याने वर गेले. लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूला दारं, दाराबाहेर चपलांचे ढीग, प्रत्येक खोलीत आठ-दहा माणसं राहत असणार. तुस्कानो सर एका दारापाशी उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता, गळ्याचं बटण मात्र लावलेलं. दार उघडणारा माणूस झोपेतून उठून आला होता, बनियनवर, बहुतेक नाइट शिफ्टचा.

"भाईसाब, गॅस का कॉक हाथ से बंद करना," सर त्याला सांगत होते. "खाना होने के बाद, रोज. ये जो नया लगाया है, उसके भरोसे मत रहना."

त्याने विचारलं, क्यों, खराब है क्या?

"हाथ से बंद करना," सर पुन्हा म्हणाले. व्हॉल्व्हचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही. त्या माणसाने मान डोलावली. ऐकलं की नुसती सुटका करून घेतली, मला कळलं नाही. दार लागलं.

मी हाक मारणार होते. सरांनी रुमालाने कपाळ पुसलं, चष्मा सारखा केला आणि पुढच्या दारावर टकटक केली. आतून कुणी बोललं नाही. ते थांबले, पुन्हा टकटक केली. त्यांच्यापुढे कॉरिडॉरच्या टोकापर्यंत दारंच दारं होती, आणि त्याच्यावर आणखी एक मजला.